जुना कॅल्क्युलेटर बिघडलेला नसतो, त्याचं आकडे दाखवायचं वळण वेगळं असतं

आमचे दीर ऐंशीच्या दशकात काही वर्षं जर्मनीत नोकरीला होते. तिथून आणलेला एचपी-१२सी हा पैशांच्या हिशोबाचा कॅल्क्युलेटर त्यांनी शेवटपर्यंत वापरला. बडोद्याला दांडिया बाजारच्या घरात दुधाचा हिशोब, लाइटबिल, फिक्स डिपॉझिटचं व्याज, सगळं त्याच्यावर. ते गेल्यावर तो पुतण्याकडे आला. त्याने पहिल्याच दिवशी अडीच हजार रुपये पन्नास पैसे टाकून बघितले, तर स्क्रीनवर आलं २.५००,५०. टिंब हवं तिथे स्वल्पविराम आणि स्वल्पविराम हवा तिथे टिंब. पठ्ठ्या तो घेऊन रावपुऱ्यातल्या एका रिपेरिंगच्या दुकानात गेला. दुकानदाराने दोन-चार बटनं दाबली आणि निकाल दिला, "भाई, आ तो बगडी गयुं छे." पुतण्या उतरलेल्या चेहऱ्याने माझ्याकडे आला. "काकू, बाबांचा कॅल्क्युलेटर गेला गं."

गेला-बिला काही नव्हता. जर्मनीत दशांशाला स्वल्पविराम आणि हजाराला टिंब देतात. दिरांना ती सवय लागली होती आणि त्यांनी यंत्र तसंच ठेवलं होतं. दोन बटनांचं काम होतं.

माझी नोकरी हिशोबखात्यात झाली, त्यामुळे असली यंत्रं हाताखालून बरीच गेली. हल्ली ओळखीतली तरुण मंडळी घरातले, नाहीतर शुक्रवारी बाजारातले जुने कॅल्क्युलेटर घेऊन येतात आणि दहातली सहा-सात तक्रार हीच असते: आकडा विचित्र दिसतो. म्हणून ही सगळी कृती एकदा लिहून काढते आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. स्क्रीन ही खिडकी आहे, आत बसलेला आकडा वेगळा. खिडकी लहान केली म्हणून आतला माणूस लहान होत नाही. दशांशानंतर दोनच घरं दाखव असं सांगितलं तरी यंत्र आत पूर्ण आकडा धरून असतं आणि पुढची आकडेमोड त्यावरच करतं. याला एक-दोन अपवाद आहेत, आणि पैशांच्या हिशोबात नेमके तेच नडतात. ते पुढे सांगतेच.

बटनांना हात लावण्याआधी

यंत्र चालू करा आणि आत्ता स्क्रीनवर जे काही दिसतंय त्याचा मोबाइलवर फोटो काढा. कोपऱ्यातली बारीक अक्षरंसुद्धा फोटोत आली पाहिजेत. फिक्स, डिग्री, डी.एमवाय असं जे काही असेल ते. परत जुन्या जागी जायचं झालं तर हाच नकाशा.

मग सेल बघा. सेल उतरला असेल तर आकडे फिके पडतात, अर्धवट उमटतात, आणि आपण उगाच सेटिंग शोधत बसतो. १२सीच्या जुन्या नगांत तीन छोटे बटनसेल असतात. सेल उतरत आला की स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात खाली एक तारा लुकलुकतो. सेल बदलताना आधी यंत्र बंद करा आणि सेल बाहेर असताना एकही बटन दाबू नका. हे काम चटकन उरकलं तर आतली साठवण टिकते. रेंगाळलात तर चालू करताच "पीआर एरर" दिसतं, म्हणजे सगळं पुसलं गेलं. मग ते दोन दशांश घरं आणि अमेरिकी तारखेवर परत येतं. पेन्सिल सेल घेणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये सेल फुटून पांढरी बुरशी धरली असेल तर आधी ती साफ करा.

आता परीक्षेचा आकडा. मी कायम १०० भागिले ७ घेते. उत्तर १४.२८५७१४२९, म्हणजे दहा आकडे पूर्ण भरतात, आणि शेवटी शून्यं येत नाहीत म्हणून किती घरं दिसतात ते लगेच मोजता येतं. दुसरा आकडा १ भागिले २००. त्याचं काम कॅसिओच्या वेळी पडेल.

सोनेरी एफवाला: एचपी-१२सी

हे मॉडेल १९८१ साली आलं आणि अजूनही विकलं जातं. याला बरोबरचं चिन्ह नाही, हे बघून नवखा माणूस पहिल्यांदा गांगरतो. १०० टाका, एंटर दाबा, ७ टाका, भागाकाराचं बटन दाबा. झालं. आधी दोन्ही आकडे, मग काय करायचं ते. आपल्या मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं ना, तसंच. त्यामुळे आपल्याला खरं तर हे सोपं जायला हवं.

बटनांवर तीन रंग असतात. पांढरं लिहिलेलं सरळ दाबून मिळतं. सोनेरी हवं असेल तर आधी सोनेरी एफ, निळं हवं असेल तर आधी निळा जी. दोन्ही एकदम दाबायची नाहीत. एक दाबून सोडायचं, मग दुसरं.

दशांश घरं बदलायची तर एफ दाबा आणि मग किती घरं हवीत तो आकडा. एफ, २ म्हणजे १४.२९. एफ, ६ म्हणजे १४.२८५७१४. एफ, ० केलंत तर नुसतं १४ आणि पुढे एक टिंब. एफ, ९ दाबलं तरी आठच घरं दिसतील, कारण स्क्रीनवर एकूण दहाच आकडे मावतात आणि दोन पूर्णांकात गेले. यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं तरी हे सेटिंग तसंच राहतं. दुसऱ्याचा कॅल्क्युलेटर वापरायला घेतलात तर परत देताना त्याची घरं होती तितकी करून द्या. हा साधा शिष्टाचार आहे.

एफ आणि मग टिंबाचं बटन दाबलं की शास्त्रीय पद्धत येते: १.४२८५७१ आणि उजव्या टोकाला थोडी जागा सोडून ०१. म्हणजे १.४२८५७१ गुणिले दहाचा पहिला घात. घरखर्चाला याचा उपयोग शून्य, पण चुकून लागून बसतं आणि मग लोक घाबरतात. एफ, २ दाबा, परत माणसात येतं.

खिडकीमागे खरंच काय आहे ते बघायचंय? एफ दाबा आणि मग एंटरचं बटन दाबून धरा. त्या बटनाच्या वर सोनेरी अक्षरांत प्रीफिक्स लिहिलेलं असतं. बटन धरून ठेवाल तेवढा वेळ दहाच्या दहा आकडे सलग दिसतात, १४२८५७१४२९, ना टिंब ना स्वल्पविराम. बोट उचललं की परत १४.२९. नवीन माणसाला मी हे सगळ्यात आधी करून दाखवते. खिडकी आणि आकडा वेगळे, ही गोष्ट तोंडाने दहा वेळा सांगून पटत नाही ती या एका बटनात पटते.

टिंब आणि स्वल्पविराम

आता पुतण्याचं दुखणं. यंत्र बंद करा. टिंबाचं बटन दाबून धरा. ते धरूनच ऑनचं बटन दाबा. मग टिंबावरचं बोट काढा. २.५००,५० चं २,५००.५० होतं. पुन्हा तसंच केलं की उलट फिरतं. बस, इतकंच. रावपुऱ्यात याला बगडी गयुं म्हणतात.

बोट मात्र टिंबावरच पडलंय ना, ते चष्मा लावून बघा. वजाबाकीचं बटन धरून ऑन दाबलं तर सगळी साठवण पुसली जाते, वर सांगितलेलं "पीआर एरर" दिसतं. मुद्दाम सगळं साफ करायचं असेल तर ही युक्ती सोयीची. चुकून झाली तर आधीच्या माणसाने साठवलेलं सगळं गेलं.

स्वल्पविराम कुठे पडतात हे मात्र बदलता येत नाही. दहा लाख तिथे १,०००,००० असेच दिसणार, १०,००,००० असे नाही. तीन-तीनचे गट यंत्राच्या हाडात आहेत. मी मोठी रक्कम वाचताना उजवीकडून तीन आकडे सोडते आणि मग दोन-दोन मोजते, स्वल्पविरामांकडे बघतच नाही. हल्ली इथे विकायला असलेल्या काही टेबल कॅल्क्युलेटरवर लाख-कोटींचे स्वल्पविराम येतात. ज्यांचं रोजचं काम मोठ्या रकमांचं आहे त्यांनी सरळ तसला घ्यावा. जुन्याचं प्रेम आपल्या जागी.

पुतण्याने टिंब लावून घेतलं, दोन दिवस वापरलं आणि परत स्वल्पविरामावर नेऊन ठेवलं. विचारलं तर म्हणाला, "असू दे काकू, बाबांचं तसंच होतं." मी काही बोलले नाही.

तारीख

तारीख हाही आकडाच, पण तिचं वळण वेगळं लावावं लागतं. निळा जी आणि मग ४ दाबलं की आधी दिवस, मग महिना, मग वर्ष, आणि स्क्रीनवर खाली डी.एमवाय उमटतं. जी आणि ५ केलं तर अमेरिकी पद्धत, आधी महिना. १५ ऑगस्ट १९४७ हे आपल्या पद्धतीत १५.०८१९४७ असं टाकायचं: दिवस, टिंब, दोन आकड्यांत महिना, चार आकड्यांत वर्ष. दोनच दशांश घरं लावली असतील तर एंटर दाबताच ते १५.०८ दिसतं आणि वर्ष गिळल्यासारखं वाटतं. गिळलेलं नसतं. एफ, ६ केलं की पूर्ण दिसतं.

करून बघा: १५.०८१९४७, एंटर, २६.०११९५०, मग निळा जी आणि ईईएक्सचं बटन. उत्तर ८९५ दिवस. स्वातंत्र्य ते प्रजासत्ताक. उत्तराऐवजी एरर ८ आलं तर तुमचं यंत्र अमेरिकी पद्धतीवर आहे आणि पंधरावा महिना शोधतंय. जी, ४ दाबून पुन्हा करा.

जिथे खिडकी बदलली की आकडाही बदलतो

हा भाग सावकाश वाचा.

पहिला अपवाद आरएनडी. १२सीवर हे बटन पीएमटीच्या वर सोनेरी अक्षरांत असतं. हे दाबलं की स्क्रीनवर जेवढं दिसतं तेवढंच आत उरतं, बाकीचं कापलं जातं. १०० भागिले ७, दोन घरं, १४.२९. आता ७ ने गुणा: १००.००. आत पूर्ण आकडा होता म्हणून परत शंभर आले. हेच पुन्हा करा, पण १४.२९ आल्यावर एफ आणि आरएनडी दाबून मग ७ ने गुणा: १००.०३. तीन पैसे वाढले.

हे तीन पैसे चूक आहेत का? शंभर रुपये सात जणांत वाटायचे तर प्रत्येकाच्या नावावर १४ रुपये २९ पैसेच मांडता येतात, १४.२८५७१४२९ रुपये कुणाला देता येत नाहीत. सातजण मिळून १००.०३ झाले हे खरं आहे, आणि ते तीन पैसे कोणाच्या खात्यात टाकायचे हे आधीच ठरवावं लागतं. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, तेव्हापासून पैशाच्या हिशोबाला दोन घरं हे ठरून गेलं आहे. खतावणीत दोन घरं लिहायची आणि यंत्रात दहा घरं धरायची, या दोघांची बेरीज महिनाअखेरीस जुळत नाही. किती संध्याकाळी मी अशा चार पैशांच्या मागे घालवल्या असतील! तेव्हा नियम असा: जी रक्कम प्रत्यक्ष दिली-घेतली जाणार आहे तिला आरएनडी, मधल्या आकडेमोडीला नाही.

दुसरा अपवाद कर्जाच्या हप्त्याचा, आणि तो लपलेला आहे. दहा लाखांचं कर्ज, वर्षाला ९ टक्के, वीस वर्षं. एफ, २ लावा. मग २४० (महिन्यांचे हप्ते) आणि एन, ०.७५ (महिन्याचा व्याजदर, ९ भागिले १२) आणि आय, १०००००० (कर्ज) आणि पीव्ही, ० (शेवटी उरणारी रक्कम) आणि एफव्ही, शेवटी पीएमटी, म्हणजे हप्ता. उत्तर उणे ८,९९७.२६. उणे कारण पैसे आपल्या खिशातून जाणार. आता कोणत्या हप्त्यात व्याज किती आणि मुद्दल किती हे काढायचं बटन आहे अमॉर्ट. हे बटन दाबलं की ते स्क्रीनवर जेवढी घरं लावली असतील तेवढ्यावर व्याज आणि मुद्दल गोल करतं, नुसतं दाखवायला नाही, आतही. एफ, ० ठेवून अमॉर्ट केलंत तर रुपयांत गोल, एफ, ६ ठेवलंत तर पैशाच्या दहा हजाराव्या भागापर्यंत ओढत नेणार. बँकेच्या कागदाशी काही रुपयांचा फरक येतो तो बऱ्याचदा इथून.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी एफ, २. हप्ता काढा. मग एफ, आरएनडी, आणि गोल झालेला हप्ता पुन्हा पीएमटी दाबून आत ठेवा. मगच १ (एका हप्त्यासाठी) टाकून एफ, अमॉर्ट. पहिल्या महिन्याचं व्याज ७,५००.०० आणि मुद्दल १,४९७.२६ आलं की गाडी रुळावर आहे.

कॅसिओ: मोड सात, आठ, नऊ

इंजिनिअरिंगच्या पोरांच्या खिशात असायचे ते कॅसिओ एफएक्स-८२च्या घराण्यातले. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या नगांवर स्क्रीनच्या खालीच बारीक अक्षरांत यादी छापलेली असते आणि ती कोणी वाचत नाही. मोड, ७ म्हणजे फिक्स, आणि त्यापुढे किती घरं तो आकडा. मोड, ७, २ केलं की १४.२९. मोड, ८ म्हणजे साय, शास्त्रीय पद्धत, आणि पुढचा आकडा एकूण किती अंक दाखवायचे त्याचा. मोड, ८, ४ केलं की १.४२९ आणि शेजारी ०१. मोड, ९ म्हणजे नॉर्म, नेहमीचं. काही सुचेनासं झालं की मोड, ९.

इथे परीक्षेचा दुसरा आकडा घ्या. १ भागिले २०० केलं की बऱ्याच नगांवर ५ आणि उजवीकडे -०३ दिसतं. शेजारचा एक मुलगा हे "पाच उणे तीन, म्हणजे दोन" असं वाचून मोकळा झाला होता. ते आहे पाच गुणिले दहाचा उणे तिसरा घात, म्हणजे ०.००५. तसं साधं बघायचं असेल तर मोड, ७, ३.

फिक्सचा एक सापळा आहे. मोड, ७, २ ठेवून १ भागिले २००० केलंत तर ०.०० दिसेल. उत्तर शून्य नाही, खिडकी लहान पडली. रसायनाचं प्रमाण काढणाऱ्यांनी हे विसरू नये.

त्यानंतरच्या एफएक्स-८२एमएसवर आकडे छापलेले नसतात, मोडचं बटन पुन्हा पुन्हा दाबावं लागतं. तिसऱ्यांदा दाबल्यावर फिक्स, साय, नॉर्म असे पर्याय येतात. नॉर्म निवडलं की ते १ की २ विचारतं. १ मध्ये ०.०१ पेक्षा लहान आकडा घातात दिसतो. २ मध्ये ०.००५ हे ०.००५ च दिसतं. मी डोळे झाकून २ लावते. चौथ्यांदा मोड दाबलं की डिस्प येतं. तिथे १ दाबून उजवा बाण दाबला की डॉट आणि कॉमा विचारतं. म्हणजे आमच्या पुतण्याचा घोटाळा याच्यावरही होऊ शकतो, फक्त उतारा वेगळा. एफएक्स-९९१एमएसवर फिक्सचा पडदा तिसऱ्याऐवजी पाचव्या वेळी येतो. आरएनडी दोन्हींवर शिफ्ट आणि शून्यावर असतं आणि वागतं तसंच, म्हणून शंभर भागिले सातचा प्रयोग तिथेही करून बघा.

सरकत्या खटक्यांचे

दुकानाच्या गल्ल्यावरच्या कॅल्क्युलेटरला वर दोन सरकते खटके असतात. एकावर एफ, काही आकडे आणि ए. एफ म्हणजे येतील तितकी घरं, आकडा म्हणजे तेवढीच, आणि ए म्हणजे बेरीज-वजाबाकीत टिंब न देता टाकलेल्या आकड्याचे शेवटचे दोन अंक आपोआप पैसे धरणार. १२५० टाकलं तर १२.५०. बिलांच्या गठ्ठ्याला हे झकास, टिंबाचं बटन वाचतं. पण खटका नकळत ए वर सरकला आणि तुम्ही पाचशे मिळवायला ५०० टाकले, तर पाचच रुपये मिळतात. मांडवीतल्या एका ओळखीच्या दुकानात अशीच अख्ख्या दिवसाची बेरीज शंभरपट कमी आली होती आणि गल्ल्यावरच्या पोराला विनाकारण बोलणी बसली.

दुसऱ्या खटक्यावर वर जाणारा बाण, ५/४ आणि खाली जाणारा बाण असतो. शंभर भागिले तीनला दोन घरं लावा: वरच्या बाणावर ३३.३४, बाकी दोन्हींवर ३३.३३. शंभर भागिले सातला लावा: खालच्या बाणावर १४.२८, बाकी दोन्हींवर १४.२९. रोजच्या वापराला ५/४.

जे बदलत नाही

काही यंत्रांना ही सोयच नाही, तिथे बटनं शोधत बसू नका. १९७२चा एचपी-३५, खिशात मावणारा पहिला शास्त्रीय कॅल्क्युलेटर, त्याच्या मनाला येईल तसं दाखवतो. ०.०१ च्या खालचे आणि हजार कोटींपासून वरचे आकडे घातात, मधले साधे. त्याला सांगणारं बटन नाही. घरं ठरवायची सोय १९७३च्या एचपी-४५मध्ये आली, आणि घात तीनच्या पटीत दाखवायची इंजिनिअरांची पद्धत १९७५च्या एचपी-२५मध्ये.

हे सगळं करूनही १२सी वेड्यासारखे आकडे दाखवत असेल तर शेवटची चाचणी. यंत्र बंद करा, गुणाकाराचं बटन धरा, ऑन दाबून सोडा, मग गुणाकाराचं सोडा. थोडा वेळ ते स्वतःशी काहीतरी मोजत बसतं, धीर धरा. मग सगळ्या घरांत आठ, सगळे स्वल्पविराम आणि खालची सगळी अक्षरं एकदम दिसली तर यंत्र धडधाकट आहे आणि चूक आपल्याच सेटिंगमध्ये आहे. एखाद्या आठाची रेघ गायब असेल, किंवा एरर ९ आलं, तर मात्र पुतण्याचा दुकानदार बरोबर होता.